लिंड, जेम्स

(४ ऑक्टोबर १७१६–१३ जुलै १७९४). स्कॉटिश वैद्य व सागरी आरोग्यविज्ञानाचे एक प्रवर्तक. त्यांचा जन्म एडिंबरो येथे झाला. तेथे शस्त्रवैद्याकडे उमेदवारी करून १७३९ मध्ये ते ब्रिटिश नौदलात दाखल झाले.

दीर्घ सागरी प्रवासात ताजी फळे व भाजीपाला न मिळाल्याने खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजून रक्ताळणे, दात हलणे, त्वचेखाली रक्तस्राव व कमालीचा अशक्तपणा ही त्याची लक्षणे होत. वास्को द गामाचा ताफा ऑक्टोबर १४९८ मध्ये गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून परत निघाला. अरबी समुद्र ओलांडण्यास लागलेल्या सु. तीन महिन्यांत त्यातील ३० जण या रोगाने दगावले. लिंबाचा गुण काही दर्यावर्दींना ठाऊक होता. परंतु व्हिनेगर, गंधकाम्ल वगैरे उपायांचाही तेवढाच बोलबाला असल्याने खरा उपाय कोणता, हे ठरत नव्हते.

‘सॉल्झबरी’ या युद्धनौकेवर २० मे १७४७ रोजी लिंड यांनी सारखीच लक्षणे असलेले १२ रुग्ण निवडले. सर्वांना एकाच जागी ठेवून एकच आहार दिला आणि दोघादोघांच्या सहा गटांना अनुक्रमे साइडर, सौम्य गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचे पाणी, संत्री व लिंबू आणि लसूण-मोहरी इत्यादींचे चाटण दिले. फळे सहा दिवसांतच संपली. तोवर ती खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला व दुसरा इतर रुग्णांची शुश्रूषा करू लागला. वैद्यकातील नियंत्रित प्रयोगाचे हे आद्य उदाहरण मानतात.

हा निष्कर्ष त्यांनी १७५३ मध्ये स्कर्व्हीवरील ग्रंथात प्रसिद्ध केला; मात्र त्या मोठ्या ग्रंथात तो काहीसा झाकला गेला. दमट हवेने घाम अडून रोग होतो, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. साठवणीसाठी रस आटवून पाक करण्याची त्यांची शिफारस तर घातकच ठरली, कारण उष्णतेने त्यातील क जीवनसत्त्व नष्ट होते. ते रासायनिक दृष्ट्या १९३२ मध्ये ओळखले गेले.

अखेर १७९४ मध्ये ‘सफोक’ ही युद्धनौका वाटेत कोठेही ताजे अन्न न घेता २३ आठवड्यांनी मद्रासला पोहोचली. खलाशांना रोज सु. २० मिली. लिंबाचा रस दिल्याने स्कर्व्हीने एकही मृत्यू झाला नाही. गिल्बर्ट ब्लेन यांच्या प्रयत्नांनी १७९५ मध्ये नौदलाने लिंबाचा रस देण्याचे मान्य केले. लिंड यांच्या प्रयोगानंतर तोवर ४८ वर्षे लोटली होती.

लिंड हे १७५८–८३ या काळात हॅस्लर येथील नौदल रुग्णालयाचे प्रमुख वैद्य होते. समुद्राच्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करून पिण्याचे पाणी मिळवावे, तसेच नव्याने भरती झालेल्यांना प्रथम वेगळ्या जहाजावर ठेवून स्नान व स्वच्छ कपडे द्यावेत, म्हणजे प्रलापक सन्निपात ज्वर (टायफस) पसरणार नाही, असे त्यांनी सुचविले. उष्ण प्रदेशांत यूरोपीयांना होणाऱ्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ १७६८ मध्ये प्रसिद्ध झाला. गॉस्पोर्ट येथे त्यांचे निधन झाले.