आघातोत्तर तणाव विकृती

युद्ध, भूकंप, भीषण अपघात, लैंगिक अत्याचार, आप्ताचा डोळ्यांदेखत झालेला अपमृत्यू यांसारख्या जीवघेण्या प्रसंगानंतर काही व्यक्तींत उद्‌भवणारी मनोविकृती. प्रसंग घडून गेला, तरी मनाच्या लेखी तो घडतच राहतो, हे तिचे व्यवच्छेदक लक्षण होय. दुःस्वप्ने पडतात, जागेपणीही प्रसंग पुन्हा समोर उभा राहतो. त्याची आठवण करून देणारी स्थळे, माणसे व संभाषणे रुग्ण टाळू लागतो. त्याला झोप लागत नाही, किंचित आवाजाने तो दचकतो, चिडतो. आप्तांविषयीची ओढ आटते आणि वाचल्याबद्दल अपराधी वाटते. ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवन विस्कळीत झाले, तरच हे निदान करतात. त्याआधीची अस्वस्थता बहुधा स्वाभाविक असते व बहुतेकांत ती आपोआप ओसरते.

पहिल्या महायुद्धात सैनिकांमधील अशा लक्षणांना ‘शेल शॉक’ म्हणत. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. अशा सैनिकांना पुष्कळदा भ्याड ठरविण्यात आले आणि दुबळेपणाचा तो शिक्का अद्यापि पुरता पुसलेला नाही. व्हिएटनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर अमेरिकन मनोवैद्यक संघटनेने १९८० मध्ये आपल्या वर्गीकरणात या विकृतीस स्वतंत्र स्थान दिले.

महाराष्ट्रात या विकृतीचा विचार प्रामुख्याने भूकंपांच्या संदर्भात करावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचा भार असलेली धाब्याची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळून सुमारे ८ ते १० हजार लोक मृत्युमुखी पडले. जे घर आसरा, तेच मृत्यूचे कारण ठरले. आणि जी वेळ निर्धास्त झोपेची, तीच धोक्याची झाली. अशा आपत्तीनंतर छपराखाली झोपण्याची भीती वाटणे समजण्याजोगे आहे. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने तेथील भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास केला. सुमारे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु पक्के घर मिळाल्याने जुन्या घराची आठवण मिटतेच असे नाही.

सातारा जिल्ह्यातील परिस्थिती याहून निराळी आहे. महाबळेश्वर–पाचगणीच्या दक्षिणेस असलेल्या कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, तेव्हा ही निदानसंज्ञा अस्तित्वातच नव्हती. सुमारे १८० माणसे दगावली. या परिसरात लहानमोठे धक्के त्यानंतरही बसत आले आहेत. त्यामुळे येथे ‘धोका आता टळला आहे’ असे सांगून रुग्णाची समजूत घालता येत नाही. रास्त सावधगिरी कोणती व विकृत भय कोणते, याचा निवाडा उपचारकाला रुग्णासह करावा लागतो.

प्रसंगानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून तपशील वदवून घेण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. तिने विकृती टळत नाही, उलट क्वचित अपायही होतो, असे आढळल्याने ती मागे पडली. आरंभी निवारा, आप्तांची भेट, खरी माहिती व झोप यांचीच गरज अधिक असते.

विकृती स्थिरावल्यावर मात्र मानसोपचार हाच मुख्य उपाय होय. परिहाराने भीती तात्पुरती शमते, परंतु टिकून राहते; म्हणून सुरक्षित वातावरणात, रुग्णाच्या संमतीने, त्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेतात. ‘माझ्यामुळेच मूल दगावले’ यांसारख्या समजुती तपासून पाहण्यावर दुसऱ्या एका पद्धतीचा भर असतो. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रसंग आठवत असताना रुग्णास डोळे डावी–उजवीकडे हलवावयास सांगतात. ती गुणकारी असली, तरी नेत्रचलनाचा त्यातील वाटा विवाद्य आहे. सर्ट्रॅलीन, पॅरॉक्सेटीन यांसारखी अवसादरोधक औषधे साहाय्यक ठरतात. झोपेसाठी दिली जाणारी डायझेपाम वर्गातील औषधे मात्र टाळावीत. त्यांची सवय लागते आणि मूळ विकार तसाच राहतो. दारूचेही तसेच. भारतात २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून प्राथमिक सल्ला मराठीतही मिळू शकतो.