उंच मोटारसायकल आणि बुटका स्वार

वर्धा जिल्ह्यातील आठवडी बाजार करणाऱ्या कापड व्यापाऱ्याला रस्ता निवडता येत नाही. हिंगणघाट, समुद्रपूरकडची काळी माती पावसाळ्यात चाकाला धरून बसते. आर्वी, आष्टी, कारंज्याच्या बाजूला चढउतार आणि गोटे. म्हणून आमच्या धंद्यातील काही तरुण डांबरी व कच्चा अशा दोन्ही रस्त्यांना चालणारी उंच मोटारसायकल घेतात. गाडी उत्तम असते. पण सव्वापाच फुटांच्या माणसाचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत. चालताना काही बिघडत नाही, थांबताना बिघडते. मागे गठ्ठा बांधलेला असताना चिखलात पाय सरकला की गाडी आडवी, माल खराब आणि कधी पायही जायबंदी.

ही उंची शोभेची नाही. हिरोची २०१९ साली आलेली एक्सपल्स २०० घ्या. पुढचे चाक २१ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, आणि शॉकअपची चाल पुढे १९०, मागे १७०. पांदणीतल्या दगडावर इंजिन आपटत नाही ते यामुळेच. हिची सीट ८२३ मिलिमीटरवर आहे, तर आपल्या ओळखीच्या स्प्लेंडरची ७८५ वर. म्हणजे भांडण जेमतेम दीड इंचाचे आहे. ही गाडी स्प्लेंडरपेक्षा सुमारे चाळीस किलोने जड असल्यामुळे ते जास्त जाणवते, इतकेच. दीड इंचासाठी गाडीचा सांगाडा कापायला निघणाऱ्यांचे आम्हाला नवल वाटते.

पहिला इलाज सीटवाल्या कारागिराकडे आहे. बहुतेकजण त्याला “फोम कमी करा” एवढेच सांगतात आणि तो वरून फोम उतरवतो. खरे तर उंचीपेक्षा रुंदी जास्त नडते. टाकीजवळ सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्च होते. पायजम्याचा आसन बेतणाऱ्या शिंप्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून आधी पुढच्या भागाच्या दोन्ही कडा उतरत्या कापाव्यात. पाय सरळ खाली येतात आणि बसण्याची गादी शाबूत राहते. त्यानंतरही गरज पडली तर वरून थोडा फोम काढावा, आणि राहिलेला पातळ थर दाट फोमचा घालावा, नाहीतर तासाभरात खालचा पत्रा टोचू लागतो. नुसता खड्डा पाडला तर प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीवर घसरतो. बैठक सपाट हवी. रेक्झिनची शिवण बाजूला घ्यावी व खाली प्लास्टिकचा कागद घालावा, नाहीतर टाक्यांतून पाणी शिरून फोम पावसाळाभर ओला राहतो. माप स्वाराला नेहमीच्या बुटांसह गाडीवर बसवूनच घ्यावे. जमल्यास वेगळी सीट घेऊन तिच्यावर काम करावे. मूळ सीट गाडी विकताना उपयोगी पडते.

दुसरा इलाज जवळपास फुकटचा आहे. मागच्या शॉकअपची स्प्रिंग कमी-जास्त ताणता येते. माणूस वजनाने हलका असेल तर स्प्रिंग कमी दबते आणि त्याला गाडी आणखी उंच लागते; बुटक्या आणि सडपातळ माणसाचे असे दुहेरी नुकसान होते. ताण थोडा सैल केला की मागची बाजू खाली बसते. साधारण नियम असा की, स्वार बसल्यावर शॉकअपची एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास चाल खर्च व्हावी. मात्र बाजाराच्या दिवशी गठ्ठे लादताना स्प्रिंग पुन्हा कसावीच लागते. रिकाम्या गाडीची सैल स्प्रिंग मालाखाली तळाला आपटते.

लेथवाल्याकडून पट्ट्या बनवून मागची बाजू खाली करण्याचा तिसरा मार्ग आम्ही शेवटी ठेवतो. तो फक्त जोडपट्ट्यांवर शॉकअप बसवलेल्या गाड्यांनाच लागू पडतो. मागची बाजू उतरवली की पुढच्या शॉकअपच्या नळ्याही हँडलखालच्या पकडीतून त्या बेताने वर सरकवाव्या लागतात, नाहीतर हँडल सुस्त होते. चाक पूर्ण दबल्यावर मडगार्डला घासते का तेही पाहावे लागते. आणि ज्या उंचीसाठी पैसे मोजले तीच जाते. सांगाड्याला कापणे-जोडणे तर मुळीच करू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही.

मालाचा विचार लोक करतच नाहीत. कॅरिअरवर उंच बांधलेला गठ्ठा थांबताना गाडीला बाजूला ओढतो. तेच वजन दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत खाली आणि स्वाराच्या जवळ आणले तर अर्धा त्रास कमी होतो. शिवाय दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असेही नाही. थांबताना किंचित डावीकडे सरकून डावा पाय पूर्ण टेकवावा, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवावा. जाड, न घसरणाऱ्या तळव्याचा बूटही अर्धा-पाऊण इंच देतो. आणि गाडी खाली केलीच असेल तर साईड स्टँडही तेवढा आखूड करून घ्यावा. मूळ लांबीच्या स्टँडवर ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि भरल्या मालासह बाजारात धक्का लागला की उलट्या बाजूला पडते.