‘रेफर’ केले म्हणजे नेमके काय केले?

गंभीर आजारी मुलाला लहान दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात पाठवण्याला सरकारी कागदांत ‘संदर्भ सेवा’ असे भारदस्त नाव असले, तरी गावोगावी ‘रेफर केले’ एवढेच म्हटले जाते, आणि त्या दोन शब्दांत पाठवणाऱ्याची जबाबदारी संपल्याचा जो सूर असतो, तोच या विषयातला मूळ दोष आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची जी पद्धत आखली आणि भारताने जिच्यात नवजात बालकांचा खास समावेश केला, तिच्यात निघण्यापूर्वीचे आणि वाटेतले उपचार हा रुग्णालयातल्या उपचारांचाच पहिला टप्पा मानला आहे.

या पद्धतीत आजाराचे नाव कळण्याची वाट पाहिली जात नाही. दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाला पिता वा अंगावर ओढता येत नसेल, पोटात गेलेले सगळेच उलटून पडत असेल, आकडी आली असेल, किंवा ते सुस्त वा बेशुद्ध असेल, तर यांपैकी एकच लक्षणसुद्धा त्याला तक्त्यातल्या गुलाबी रकान्यात, म्हणजे तातडीने हलवण्याच्या वर्गात, टाकण्यास पुरेसे असते; पिवळा रकाना केंद्रातच औषधोपचार करण्याचा आणि हिरवा घरी काळजी घेण्याचा असतो. दोन महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळाच्या बाबतीत निकष अधिक कडक आहेत, कारण इतके लहान बाळ आजार फारसा दाखवत नाही: दूध नीट न ओढणे, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, श्वासागणिक छातीचा खालचा भाग खोल आत जाणे, हालचाल मंदावणे, अंग तापणे आणि, घरच्यांच्या सहसा ध्यानात न येणारे लक्षण म्हणजे, अंग गार पडणे.

मूल निघण्यापूर्वी जे करायचे ते थोडके असले तरी त्यावरच पुष्कळ अवलंबून असते. जिवाणूंचा गंभीर संसर्ग दिसत असल्यास प्रतिजैविकाची पहिली मात्रा तिथेच दिली जाते, कारण रुग्णालय दोन-तीन तासांवर असेल तर तेवढा वेळ जंतूंना मोकळा मिळतो. आकडी चालू असेल तर ती आधी थांबवली जाते. रक्तातील साखर उतरू नये म्हणून बाळाला अंगावर पाजतात किंवा पिळून काढलेले दूध देतात, आणि दूध नसल्यास २०० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात चार सपाट चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, साखर विरघळवून ते पाणी पाजतात; मात्र गिळू न शकणाऱ्या मुलाच्या तोंडात काहीही घालायचे नसते, त्याला नळीवाटेच द्यावे लागते. तान्ह्या बाळाला वाटेत आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालणे हा ऊब टिकवण्याचा बिनखर्चाचा आणि भरवशाचा उपाय आहे.

एवढे करूनही कुटुंब निघतेच असे नाही. घरच्या इतर लेकरांना कोण पाहणार, बुडालेल्या मजुरीचे काय आणि तिथून मूल जिवंत परतेल का, हे आईचे प्रश्न अडाणीपणाचे नसून रोकड्या व्यवहाराचे असतात, आणि त्यांना उत्तर न देता चिठ्ठी हाती ठेवणे निरर्थक ठरते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, रुग्णालयात न जाणाऱ्या बाळांवर घरीच इंजेक्शनसह उपचार करवले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. रुग्णालयात हलवणे शक्यच नसेल तर तान्ह्या बाळाच्या संसर्गावर जवळच्या केंद्रात कसे उपचार करावेत, याच्या मार्गदर्शक सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये काढल्या. म्हणजे नकारालाही वैद्यकशास्त्राने अखेर जागा दिली.

चिठ्ठीचे महत्त्वही कमी लेखू नये. तिच्यावर लक्षणे, दिलेले औषध, त्याची मात्रा आणि वेळ नसेल, तर पुढचे डॉक्टर तीच मात्रा पुन्हा देतील किंवा पहिल्यापासून तपासणीला लागतील. केंद्राने रुग्णालयाला आधी दूरध्वनी करणे ही साधी गोष्ट त्याहून उपयोगी, पण ती फारच क्वचित घडते.

२०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बालकाचे सरकारी रुग्णालयातील उपचार, तिथवरची वाहतूक आणि घरी परतण्याचा प्रवास विनामूल्य आहे व ही सोय पुढे एक वर्षापर्यंतच्या बालकांनाही लागू झाली; त्यासाठी १०२ आणि इतर तातडीसाठी १०८ हा क्रमांक आहे. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर पालकांनी केसपेपरच्या रांगेत उभे न राहता मूल आणि चिठ्ठी थेट अपघात विभागातील परिचारिकेच्या हाती द्यावी.