आठोळी ओळखा, मगच झाड लावा

"साहेब, लावलं उमराण, निघालं गावरान! नर्सरीवाल्यानं फसवलं." बोराबाबत ही तक्रार उमरेड तालुक्यात फिरताना ऐकू येते. धुऱ्यावर जाऊन झाड पाहिले की पुष्कळदा कारण बुडाशीच सापडते. डोळा भरलेली फांदी केव्हाच वाळलेली असते आणि खालच्या खुंटाची फूट झाड होऊन बसलेली असते. तीन-चार वर्षांची मेहनत पाण्यात जाते. 1990 साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाली, तेव्हापासून कलमी झाडे गावोगाव पोचली. पण खुंट कोणता व कलम कोणते, हे पाहण्याची सवय मात्र पुरती लागली नाही.

बोर, आंबा, आवळा, चार ही सारी आठोळीची फळे. वर साल, मध्ये गर आणि आत कठीण कवच, असे यांचे तीन थर. हे कवच बियाचे नसून फळाचाच भाग असते. खरे बी त्याच्या आत असते. चाराची आठोळी फोडल्यावर निघणारी चारोळी म्हणजे ते बी. चिकूचे बीही टणक असते, पण ते टरफल बियाचे स्वतःचे, म्हणून चिकू या गटात येत नाही. पीच, अलुबुखार, जर्दाळू हीसुद्धा आठोळीचीच फळे. मात्र त्यांना हिवाळ्यात बरेच दिवस कडक थंडी लागते. आपल्याकडे ती मिळत नाही. त्यांच्या रोपांवर पैसा घालू नये.

या रचनेतून शेतकऱ्याने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, कवच जाड असल्याने उगवण लांबते. बोराच्या आठोळ्या मिठाच्या पाण्यात टाका. एक लिटर पाण्याला 170 ते 180 ग्रॅम मीठ पुरे. तरंगतील त्या फेका, बुडतील त्या स्वच्छ धुवून घ्या. मग कवच हलक्या हाताने फोडून आतले बी लावा. आख्खी आठोळी उगवायला तीन-चार आठवडे घेते, मोकळे बी आठवडाभरात उगवते. आवळ्याच्या आठोळ्या उन्हात वाळवल्या की आपोआप उकलतात. आंब्याची कोय मात्र वाळवू नका, ताजी असतानाच लावा.

दुसरी, बियापासून आलेले झाड आईसारखे निघेलच असे नाही. दशहरी, लंगडा, केसर यांच्या कोयीत एकच गर्भ असतो, तोही परागीकरणातून तयार झालेला. म्हणून गोड आंब्याची कोय लावली तरी फळ वेगळे येते. बोराचेही तेच. जातिवंत फळ हवे तर कलमच पाहिजे.

मग गावरान झाड निरुपयोगी का? मुळीच नाही. बोराचे सोटमूळ खोल जाते, उपटून लावलेले रोप दगावते. म्हणून गावरान आठोळी वावरात कायमच्या जागीच लावावी आणि खोड पेन्सिलीएवढे झाले की पावसाळ्यात त्यावर उमराणचा डोळा भरावा. धुऱ्यावर जुनी बोर असेल तर उन्हाळ्यात खोड कापावे, नव्या जोमदार फुटीवर डोळा भरावा. डोळ्याच्या खाली येणारी प्रत्येक फूट वेळच्या वेळी काढावी. हे एक काम चुकले की वरची तक्रार ठरलेलीच!

चाराची गोष्ट वेगळी. त्याचे झाड बहुधा आठोळीवरच वाढते. फळ काळे होईपर्यंत थांबायचे सोडून हिरवेच ओरबाडले, फांद्या तोडल्या, तर चारोळी भरत नाही आणि खाली नवे रोपही येत नाही. एप्रिल-मेमध्ये पिकलेलीच फळे वेचावीत, काही झाडांखाली पडू द्यावीत. गायरानावरील अशी झाडे राखण्याचा ठराव ग्रामपंचायतीने जरूर घ्यावा.

शेतकरी बंधूंनो, पहिला पाऊस पडण्याआधी एकदा धुऱ्यावर फेरी मारा आणि प्रत्येक कलमाचा सांधा वाकून पाहा.