‘अपेंडिक्स दिसले नाही’ म्हणजे काय?

इथे भिलाईत संध्याकाळी फिरायला निघालो, की कोणीतरी नातवाच्या पोटदुखीचा रिपोर्ट पुढे करतं. मी डॉक्टर नाही. पण सोनोग्राफीच्या रिपोर्टातलं एक वाक्य वाचून लोक निर्धास्त होतात, त्याबद्दल आज बोलतो: ‘अपेंडिक्स दिसले नाही.’

फौजेत टेहळणी पथकाने ‘शत्रू दिसला नाही’ असं कळवलं, तर ‘शत्रू नाही’ असा अर्थ आम्ही लावत नसू. इथेही तेच. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींना हवा अडवते. आतड्यात वायू असला, मूल लठ्ठ असलं किंवा अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलं असलं, तर ते दिसतच नाही. १९८६ साली डच डॉक्टर प्युलार्ट यांनी प्रोब हळूहळू दाबत, मधला वायू सारून बघण्याची पद्धत मांडली. निरोगी अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं, सुजलेलं सहसा होत नाही; जाडी ६ मिलिमीटरच्या वर गेली की संशय घेतात. पण हे तपासणाऱ्याच्या हाताचं कसब आहे. शिवाय अपेंडिक्स फुटलं की रिकामं होऊन नजरेतून निसटू शकतं, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थोडा वेळ कमी होतं. घरच्यांना वाटतं, उतार पडला!

दिसलेली गोष्टही फसवते. आतड्याजवळच्या लहान गाठी धडधाकट मुलांतही दिसतात. आमच्या छत्तीसगडात आणि तिकडे विदर्भात सिकलसेल बराच आहे. या मुलांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून पित्ताशयात खडे होतात. खडा दिसला की सगळा दोष त्याच्या माथी. पण पोटात उठणारी कळ सिकलसेलचीच असू शकते. म्हणून सिकलसेल असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

कधी दुखण्याचं मूळ पोटात नसतंच. फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला तरी मूल पोटावर हात ठेवतं. वृषणाला पीळ पडलेला मुलगा लाजून ‘पोट दुखतंय’ एवढंच म्हणतो, आणि वृषण वाचवायला साधारण ६ तासच हातात असतात. पोटाच्या सोनोग्राफीत तिकडे सहसा बघितलं जात नाही. विचारा त्याला, स्पष्ट विचारा.

बेंबीजवळचं दुखणं खाली उजवीकडे सरकलं, उडी मारताना कळ आली, पोट कडक झालं किंवा हिरवी उलटी झाली, तर रिपोर्ट काहीही असो, सकाळची वाट बघू नका. एरवीही घरी निघण्याआधी डॉक्टरांना विचारा: पोट पुन्हा हाताने कधी तपासणार, आणि सोनोग्राफी परत करायची का?