वाढीव पाटा : लहान मालवाहू गाडीच्या घरगुती दुरुस्तीतील एक प्रश्न

लहान मालवाहू मोटारगाडीची, म्हणजे बोलीभाषेत जिला ‘पिकअप’ म्हणतात तिची, देखभाल बहुधा मालकाच्या अंगणातच होते. त्या देखभालीत जे बदल केले जातात त्यांपैकी सर्वांत अधिक प्रचारात असलेला, वरवर पाहता सर्वांत निरुपद्रवी वाटणारा आणि परिणामांच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी असा बदल कोणता, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर ‘मागील कमानीत एक पाटा वाढविणे’ असेच द्यावे लागेल. गाडी मागे बसते, ही तक्रार. पाटा वाढविला, हा उपाय. या दोहोंच्या दरम्यान निदान नावाची एक पायरी असावयास पाहिजे आणि नेमकी तीच गाळली जाते.

कोल्हापूर परिसरात घरगुती यंत्रदुरुस्तीला एक परंपरा आहे. शेतावरील पाणी उपसण्याचे ऑईल इंजिन स्वतः खोलणारा व जोडणारा शेतकरी येथे नवलाचा नाही. शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा आणि लेथवर चालणारी लहान कारखानदारी यांच्यामुळे हवा तो सुटा भाग गावातल्या गावात घडवून घेता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गाड्या नागरी वापरात आल्या, १९८८ मध्ये ‘टाटामोबाईल’ आली आणि २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ या टोपणनावाने ओळखली जाणारी ‘टाटा एस’ आली. गाड्या बदलत गेल्या, तरी मालकाचा हात यंत्रावरून निघाला नाही. ही गोष्ट स्तुत्यच आहे. परंतु ऑईल इंजिन एका जागी उभे असते. त्याच्यातील दोषाने फार तर पिकाचे पाणी चुकते. गाडीतील दोष मात्र रस्त्यावरून धावत असतो, आणि कोल्हापुराहून तळकोकणात माल न्यावयाचा झाल्यास तो रस्ता करूळ, भुईबावडा किंवा फोंडा यांसारख्या घाटांतून खाली उतरतो.

प्रथम कमानीचे कार्य पाहू. एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची ही जुडी मधोमध आसाला यू-बोल्टांनी जखडलेली असते. तिचे एक टोक चासीला खिळलेले असते, तर दुसरे शॅकलच्या साह्याने मागेपुढे सरकू शकते. एका पाट्याची दृढता त्याच्या रुंदीच्या प्रमाणात व जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते. जुडीची दृढता म्हणजे स्थूलमानाने या सर्व पाट्यांच्या दृढतांची बेरीज होय. तेव्हा सारख्या ५ पाट्यांच्या कमानीत तसाच सहावा घातला तर दृढता एक पंचमांशाने, म्हणजे २० टक्क्यांनी वाढते. पूर्वी जो माल भरल्यावर कमान १०० मिलिमीटर दबत असे, त्याच मालाला ती आता सुमारे ८३ मिलिमीटर दबेल. येथपर्यंत मालकाचा हिशेब चुकत नाही.

पण तसाच पाटा प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. मोठ्या ट्रकचा काढून टाकलेला पाटा कापून बसविण्याची रीत आहे. समजा, मूळ पाटे ८ मिलिमीटर जाडीचे आहेत आणि नवा १० मिलिमीटर जाडीचा. जाडी सव्वापट झाली, पण तिचा घन जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे एकूण भारापैकी सुमारे २८ टक्के भार हा एकटा पाटा उचलू लागतो. शिवाय सर्व पाट्यांना सारखीच वक्रता घ्यावी लागत असल्याने जाड पाट्यातील प्रतिबल इतरांच्या सव्वापट राहते. जुडीतील पाटे सारख्या जाडीचे ठेवण्यामागील कारण हेच. नव्या धाटणीच्या कित्येक गाड्यांत तर मध्ये जाड व टोकांकडे निमुळते होत गेलेले मोजकेच पाटे असतात आणि ते मधल्या बैठकीखेरीज एकमेकांना टेकत नाहीत. अशा कमानीत साधा सपाट पाटा सरकविला की तो शेजारच्या पाट्यावर घासतो, तेथे ओरखडा पडतो आणि तडा सुरू होण्यास ओरखडा पुरेसा असतो.

आता निदानाकडे वळावयाचे. गाडी मागे बसण्याची कारणे किमान चार आहेत : माल प्रमाणाबाहेर भरलेला असणे, पाट्यांची मूळ कमान उतरलेली असणे, एखादा पाटा तुटलेला असणे, आणि शॅकलचे बुश झिजलेले असणे. या चारही कारणांचे बाह्य लक्षण सारखेच दिसते, म्हणून केवळ पाहून निर्णय करता येत नाही. मोजावे लागते, आणि त्याला मोजपट्टीपलीकडे काही लागत नाही. गाडी सपाट फरशीवर, हौदा रिकामा करून आणि चाकांत योग्य हवा भरून उभी करावी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा पाटा, बुश किंवा शॅकल यांत दोष आहे असे समजून शोध घ्यावा. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील आणि कारखान्याने दिलेल्या मापापेक्षा कमी भरत असतील तर कमान उतरली आहे. रिकाम्या गाडीचे माप बरोबर येत असूनही ती भरल्यावर बसत असेल, तर कमानीत दोष नाही. दोष हौद्यात आहे.

याखेरीज पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर दोन्ही बाजूंना ताडून पाहावे. या दोन मापांत फरक आढळला तर जुडीचा मधला बोल्ट तुटून आस सरकला असण्याचा संभव असतो. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते आणि चाके विचित्र रीतीने झिजतात. तिच्यात कितीही पाटे घातले तरी तिची चाल सुधारत नाही. पाट्यावर हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकण्याची मेस्त्रींची पद्धतही टाकाऊ नाही. धड पाटा खणकतो, तडकलेला बद्द बोलतो. मात्र घट्ट आवळलेल्या जुडीत हा फरक फसवा असू शकतो, म्हणून तड्यातून बाहेर येणारी गंजाची बारीक रेघही शोधावी. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती जॅकवर नव्हे तर भक्कम आधारांवर टेकविलेली असली पाहिजे, हे सांगणे अनावश्यक वाटेल. पण अंगणातील अपघात याच ठिकाणी घडतात.

उतरलेला पाटा भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा कमानदार करून घेण्याचा प्रघात आहे. स्प्रिंगच्या पोलादाचा सर्व गुण त्याला दिलेल्या ‘पाण्यात’ असतो : सुमारे ८५० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तेलात विझविणे आणि त्यानंतर नियंत्रित तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालविणे. यांतील दुसरी पायरी चुकली की पाटा एक तर मऊ पडतो, नाही तर काचेसारखा तडकतो. वेल्डिंगने जोडलेल्या पाट्याबद्दल लिहिण्याचे कारण नाही. तो वापरूच नये.

समजा, निदान न करता पाटा वाढविला. कमान आता तक्रार करीत नाही, म्हणून मालक आणखी माल भरतो. मागील आसावरील भार २० टक्क्यांनी वाढला असे धरू. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या १०/३ या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. या हिशेबाने बेअरिंगचे आयुष्य ५४ टक्क्यांवर येते. टायर, आस, चासीचे सांधे यांचीही गत निराळी नाही. पूर्वी कमान दबून ‘पुरे’ असे सांगत असे. ती सांगणारी जीभच वाढीव पाट्याने बांधली जाते.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ब्रेक दाबला असता गाडीचा भार पुढे झुकतो व मागची चाके हलकी होतात. हौदा रिकामा असेल तर ती चटकन जाम होऊन गाडीचा मागचा भाग फिरण्याची भीती असते. यासाठी पुष्कळ मालवाहू गाड्यांत मागील ब्रेककडे जाणाऱ्या तेलाच्या मार्गावर भारानुसार काम करणारी एक झडप बसविलेली असते. झडप चासीवर असते आणि तिची दांडी आसाला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि झडप मागील ब्रेकला अधिक दाब जाऊ देते. म्हणजे ही झडप वजन मोजत नाही, ती कमान किती दबली हे मोजते. पाटा वाढविल्यावर रिकामी गाडीच मुळात उंच उभी राहते आणि भरल्यावरही कमी दबते. झडपेला वाटते की हौदा अर्धवटच भरला आहे. परिणामी, ज्या वेळी मागच्या ब्रेकची सर्वांत अधिक गरज असते त्याच वेळी त्याला कमी दाब मिळतो आणि राहिलेले सर्व काम पुढच्या ब्रेकवर पडते.

घाटात याचा अर्थ काय होतो, हे गुळाच्या मापाने पाहता येईल. मालासह ३,००० किलो वजनाच्या गाडीत ३० किलोचे २० रवे, म्हणजे ६०० किलो गूळ जास्त भरला आणि गाडी ५०० मीटर उंची उतरली, असे मानू. या अधिक मालाची जी स्थितिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित व्हावयाची, ती सुमारे २९ लाख ४० हजार जूल भरते. एवढ्या उष्णतेने जवळजवळ ९ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. इंजिनाचा रोध आणि हवेचा अडथळा हे तिचा काही अंश सोसतात; उरलेली ब्रेकमध्ये जाते, आणि झडपेच्या गैरसमजामुळे मुख्यतः पुढच्या ब्रेकमध्ये. त्यात ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषणारे असते. ‘डॉट ३’ प्रतीच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, तर ओल घेतलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १४० अंश आहे. गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या मुलुखात कित्येक वर्षे न बदललेले तेल कोणत्या मर्यादेच्या जवळ असेल, याचा तर्क वाचकाने करावा. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागून तळाला जातो.

काही जण ही झडप ‘बिघडली’ असे समजून तिची दांडी तारेने वर बांधून टाकतात किंवा झडपच काढून नळी सरळ जोडतात. भरलेल्या गाडीत त्याने ब्रेक सुधारल्यासारखा वाटतो. तीच गाडी माल उतरवून पावसात परत येताना मात्र मागची चाके घसरू लागतात. एका घरगुती बदलाचा परिणाम झाकण्यासाठी केलेला हा दुसरा बदल पहिल्यापेक्षा घातक आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीने, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असे फेरफार करण्यास मनाई केली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कसोशीने लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी मालकास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. प्रमाणाबाहेर माल नेण्याचा दंड २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा ठरविण्यात आला. नोंदणीपत्रात पाट्यांची संख्या लिहिलेली नसते, मालासह गाडीचे कमाल वजन लिहिलेले असते. पाटा वाढविल्याने तो आकडा वाढत नाही.

कमान खरोखरच उतरली आहे असे मोजमापाने ठरले तर त्या गाडीसाठी नेमून दिलेली जुडी दोन्ही बाजूंना एकदमच बदलावी. एका बाजूला नवी व दुसऱ्या बाजूला जुनी ठेवल्यास गाडी कलते. बुश, मधला बोल्ट आणि यू-बोल्ट यांचा पुन्हा वापर करू नये. यू-बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर, समोरासमोरील नट आळीपाळीने आवळून बसवावेत आणि काही दिवस गाडी चालल्यावर पाटे परस्परांवर बसले की पुन्हा आवळावेत. सर्वांत शेवटी झडपेच्या दांडीचे माप रिकाम्या गाडीवर, गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या आकड्याशी ताडून घ्यावे.