लॅपटॉप दुरुस्तीला टाकताय? आधी ४८ आकडे लिहून घ्या

पुणे : पोरगं शिकायला पुण्याला गेलं की कांद्याच्या पट्टीतून पहिला खर्च लॅपटॉपचा. आमच्या घरातही तेच. माझ्या पुतण्याचा लॅपटॉप बंद पडला. शहरातल्या एका दुकानात मदरबोर्ड बदलून घेतला. चालू केला तर निळा पडदा आणि ‘बिटलॉकर’ रिकव्हरी की मागतोय. पुतण्या म्हणाला, "काका, मी कुलूप लावलंच नव्हतं."

खरंय त्याचं. हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागतं. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला ‘टीपीएम’ नावाची सुरक्षा चिप लागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप सुरू केला की बऱ्याच मशिनमध्ये डिस्क कुलूपबंद होते आणि चावी या चिपच्या ताब्यात जाते. मशीन ओळखीचं वाटलं तरच चिप चावी सोडते. चोराने डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी त्याला काही दिसत नाही, हा फायदा. पण मदरबोर्ड बदलला की चिपही गेली. कधी बायोस अपडेट केल्यावरही असं होतं. मग ४८ आकडी की टाकावीच लागते. ती नसेल तर कंपनीसुद्धा आतलं काढून देऊ शकत नाही. "उघडून देतो" म्हणणारा फार तर डिस्क पुसून देईल.

मोठ्या कंपन्याही यात अडकल्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या, पुण्यातली विमानंही रखडली. तेव्हा मशीन दुरुस्त करताना अनेक ठिकाणी हीच की शोधावी लागली.

की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. आपली गोची तिथेच होते. लॅपटॉप घेताना दुकानदारानेच ईमेल काढून दिलेला, पासवर्ड कुणाला आठवत नाही, आणि त्याला जोडलेलं सिम रिचार्जअभावी बंद. पुतण्याच्या दोन वर्षांच्या नोट्स अशाच गेल्या.

सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं, तर मोबाईलवर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर त्याच ईमेलने लॉगिन करा, ‘डिव्हाइसेस’मध्ये की सापडते. कॉलेजचं खातं असेल तर कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात विचारा. की लॅपटॉपमध्येच सेव्ह करून उपयोग नाही. नव्या लॅपटॉपची आम्ही कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाईलला लावलीय.